गाळलेला बाप

बिश्केक, ४ फेब्रुवारी २०१८

साल्किन,

एकोणीस वर्षांनी बापाचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कोणी मेलेलं नाही. फोनच करणार होतो, पण माझा आवाज ऐकून तू फोन ठेवून देतेस हे दोनदा अनुभवलंय. शिवाय फोनवर हल्ली माझी पंचाईत होते. बोलता बोलता शब्द हातातून सुटतो, नट सुटावा तसा, आणि गाडीखाली कुठे घरंगळला ते दिसत नाही. पलीकडचा माणूस नुसता ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो. कागदाला तशी घाई नसते. शब्द सापडेपर्यंत पेन्सिल कानावर ठेवून बसता येतं.

मी आता एर्मेककडे असतो. चौथ्या मजल्यावर. तुझा भाऊ चांगला आहे आणि त्याची बायको मीरिम त्याच्याहून चांगली. वेळेवर चहा, वेळेवर गोळ्या, पायांवर पांघरूण. दाराला आतून कुलूप. किल्ली मीरिमच्या एप्रनच्या खिशात. झालं असं की नोव्हेंबरात मी घरातल्या चपलांवर दूध आणायला उतरलो, आणि दोन तासांनी मला बसस्थानकावर धरलं. मिनीबसच्या ड्रायव्हरशी माझा वाद चालला होता म्हणे, मला रिबाच्येला सोड म्हणून. तो म्हणाला, “आजोबा, रिबाच्ये नावाचं गाव आता नाही. त्याला बालिक्ची म्हणायला लागून पंचवीस वर्षं झाली.” मी म्हणालो, “मग बालिक्चीत जिथे रिबाच्ये आहे तिथे सोड.” सगळी बस हसली. एर्मेक हसला नाही. तो येताना कुलूप घेऊन आला.

मी तुझ्याकडेच निघालो होतो असा अर्थ काढू नकोस. तिकडे माझे जुने दोस्तही आहेत.

दिवसभर खिडकीत बसतो. खाली गाड्या लागतात, निघतात. पांढऱ्या गाडीच्या बाईचा फॅनबेल्ट आठवड्यात तुटणार. तिसऱ्या जिन्यातल्या मास्तरांच्या इंजिनाचा एक व्हॉल्व्ह नीट बसत नाही, त्यांना सात महिने पत्ता नाही. मी वरून ओरडून सांगितलं तर मीरिम खिडकी लावते. “अता, थंडी येते,” म्हणते. नातीचं ऐकून घरात सगळेच मला अता, आजोबा म्हणतात. कान अजून पहिल्यासारखेच आहेत, साल्किन. कानांवर आलेलं डोक्यापर्यंत पोचतं. पुढे डोक्यातून तोंडापर्यंतचा रस्ता तेवढा खराब झालाय.

एक गंमत सांगतो. एर्मेकची बेगिमाय पाच वर्षांची आहे. नौरोझच्या सणाला बालवाडीत पोरांनी आपापले सात बाप, मागच्या सात पिढ्यांचे, म्हणून दाखवायचे आहेत. एर्मेकने तिला कागदावर लिहून दिलंय: एर्मेक, जुमादिल, सातार, एशिम, ताबाल्दी, नारबोतो, चोको. तिला वाचता येत नाही म्हणून पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडे. काल बसलो दोघं. मी म्हणत गेलो, ती म्हणत गेली. आणि नारबोतोच्या पुढे माझ्या तोंडून आलं क्युल्चो, मग चोको.

पोरीने बोटं मोजली. “अता, आठ झाले. सातच पाहिजेत.”

आतून एर्मेक म्हणाला, “अता, नारबोतो आणि क्युल्चो एकच ना? तुम्हीच तर सांगितलेलं.”

“हो, हो. एकच,” मी म्हणालो, आणि चहा प्यायलो. चहा केव्हाचा गार झाला होता.

बस, एवढंच. तुझी मुलगी नुरायिम आता अठराची असेल. तिला माझा आशीर्वाद सांग. नाही सांगितलास तरी चालेल.

जुमादिल

(पाकिटावर मी रिबाच्येच लिहिलं होतं. मीरिमने खोडून बालिक्ची केलं.)


बिश्केक, १९ फेब्रुवारी

साल्किन,

उत्तर आलं नाही. ते मी धरूनच चाललो होतो.

परवा डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वेनेरा नाव. तुझ्याहून लहान असेल, पण बोलते स्वच्छ. मला म्हणाली, घड्याळ काढा आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर ठेवा. मी म्हणालो, “बाई, मी आयुष्यभर इंजिनं उघडून परत बसवली, घड्याळ काय?” आणि काढायला बसलो. गोल आला. आकडे सगळे उजवीकडे जाऊन बसले, उतारावर मेंढ्या बसतात तसे. बेगिमाय शेजारी होती. तिनेही एक घड्याळ काढलं. तिचे आकडेही तसेच. बाईंनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. मीच म्हणालो, “हिचं पुढच्या वर्षी सुधारेल.”

मग मी विचारून घेतलं. आपल्या आत काय बिघडलंय ते मेकॅनिकला कळायला नको? बाईंनी सांगितलं ते मला माझ्या भाषेत असं समजलं: पोर जन्मतं तेव्हा आणि नंतरची काही वर्षं डोक्यात वायरी भरमसाट टाकल्या जातात, लागतील त्याहून कितीतरी जास्त. मग ज्या वायरींतून रोज करंट जातो त्या टिकतात आणि जाड होतात, बाकीच्या छाटल्या जातात. वायरींवर आवरण चढवायचं काम पार पंचविशीपर्यंत चालू असतं, आणि सगळ्यांत शेवटी तयार होतो तो कपाळामागचा भाग. थांबायचं कधी, विचार करायचा कधी, ते तो बघतो. म्हणजे इंजिन आधी आणि ब्रेक सगळ्यांत शेवटी. असली गाडी मी कारखान्यातून कधी बाहेर सोडली नसती. देवाने सगळी माणसं तशीच सोडली.

“आणि माझ्या आजारात?” मी विचारलं.

“बहुतेक वेळा नवीन आधी जातं,” त्या म्हणाल्या. “लहानपणी पक्कं बसलेलं सगळ्यांत जास्त टिकतं.”

तेव्हापासून मला बरं वाटत नाही. सांगतो का ते. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहून ठेवतो, कारण उद्या मलाच माहीत नसेल.

१९९८चा सप्टेंबर. कोच्कोरला आपल्या अंगणातल्या युर्तात, नमद्याच्या गोल तंबूत, मोठी माणसं बसली होती. रिस्केल्दी-अके आपल्या मुलासाठी, कुबातसाठी, तुला मागायला आले होते. आपण आणि ते एकाच बाइतोकचे वंशज, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक. प्रश्न एवढाच होता की बाइतोक तुझ्यापासून कितवा. सातांच्या आत असेल तर तुम्ही बहीणभाऊ, सातांच्या पलीकडे असेल तर खुशाल सोयरीक. सगळे मोजत होते आणि आठ भरत होते. सोयरीक पक्की करायचं मांसाचं ताट लोकांनी जवळ ओढलं होतं.

तेव्हा मी उठलो. म्हणालो, “आजीने मरताना मला एक सांगितलं होतं. नारबोतो आणि क्युल्चो हे दोन पुरुष नव्हेत. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून सुनांनी नारबोतोला क्युल्चो म्हणायला सुरुवात केली. चुलीच्या राखेशी झोपायचा म्हणून. माणूस एकच, नावं दोन. बाइतोक आठवा नाही, सातवा.”

कोण मला खोटं ठरवणार? सुना सासरच्या पुरुषांना दुसरी नावं देतात हे सगळ्यांच्या घरात चालतं. शेजारच्या जोल्बोर्सची बायको तर लांडग्यालासुद्धा ‘शेपटीवाला’ म्हणायची, कारण तिच्या सासऱ्याचं नाव बोरु, लांडगा. आणि आजीला विचारावं तर ती जाऊन सदतीस वर्षं झालेली. ताट परत ढकललं गेलं.

तुम्ही दोघं पंधरा दिवसांत पळून गेलात. पुढचं तुला माहीत आहे. दोन्ही घरांनी तुम्हाला गाळून टाकलं.

क्युल्चोला मी गाळलं होतं, साल्किन. तो वेगळा पुरुष होता. लिहिलं एकदाचं. पेन्सिलीचं टोक मोडलं, पण लिहिलं.

का केलं ते सांगतो. रिस्केल्दी सामूहिक शेताच्या गॅरेजचा प्रमुख होता तेव्हा मी तिथे पुर्जे धुवायचो. मी बारा वर्षांचा, बाप नाही. जेवायला बसलो की तो म्हणायचा, “सातारच्या पोराला दारापाशीच द्या, हाताला डिझेलचा वास येतो.” सहा वर्षं मी दारापाशी जेवलो. नंतर शेतं मोडली, ते गॅरेज मीच घेतलं, त्याचा ट्रॅक्टर माझ्याकडे दुरुस्तीला यायला लागला. आणि तो माणूस हसत आला की आता आपण व्याही होऊ. मला गिळवलं नाही.

हे कारण पुरेसं आहे का, तूच ठरव.

जुमादिल


बिश्केक, ३ मार्च

साल्किन,

मीरिमचं आणि तुझं फोनवर बोलणं होतं हे मला गेल्या आठवड्यात कळलं. चार वर्षं होतंय. घरात सगळ्यांत तिखट कान माझे, आणि ते माझ्याच पाठीमागे, स्वयंपाकघरात, नळ सोडून! मी विचारलं तर लाजली आणि मग रडली. म्हणाली, नुरायिमला बघायला कारकोलहून माणसं आली होती. मुलगा तिच्याच नर्सिंगच्या कॉलेजातला. भाकरी मोडायला हात पुढे केला आणि तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, हिचे आईबाप एका रक्ताचे. तुमच्या घरची भाकरी न मोडता उठले.

मी त्याच संध्याकाळी एर्मेकला समोर बसवलं. सगळं सांगितलं. जसं तुला लिहिलं तसंच.

तो शांतपणे ऐकत होता. मला वाटलं आता पेटेल. पण त्याने माझा हात हातात घेतला. आजाऱ्याचा घेतात तसा.

“अता,” म्हणाला, “डॉक्टर काय म्हणाल्या आठवतं? आठवणीत जिथे भोक पडतं तिथे तुमचं डोकं आपोआप काहीतरी भरतं. तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्हाला ते खरंच वाटतं.”

“अरे, मी तेव्हा खोटं बोललो! आता नाही!”

“ताई घरी यावी असं तुम्हाला वाटतंय. म्हणून डोक्याने रस्ता काढला.”

“मी रस्ते काढणारा माणूस आहे, एर्मेक, पण हा नाही काढला.”

“काल तुम्ही मला विचारलंत, ट्रकला पाणी घातलं का. ट्रक विकून वीस वर्षं झाली, अता.”

विचारलं होतं मी.

बघ पोरी, काय कोंडी झालीय ती. डोकं धड होतं तेव्हा मी खोटं बोललो आणि अख्ख्या खोऱ्याने मान डोलावली. आता खरं सांगतोय तर माझ्या पोटचा पोरगा माझा हात थोपटतो. दाराला एक कुलूप आहे, ते दिसतं तरी. या दुसऱ्या कुलपाची किल्ली मीच एकोणीस वर्षांपूर्वी फेकून दिली. आणि रोज सकाळी उठलो की पहिल्यांदा तपासतो: मला अजून आठवतंय ना, की मी खोटं बोललो होतो? ज्या दिवशी तेही जाईल त्या दिवशी मी निर्दोष होईन. फुकटात. मला ते नको.

आणि मागच्या पत्रातलं कारण पुरतं खरं नव्हतं. रिस्केल्दीने मला दारापाशी जेवायला घातलं हे खरं. पण ती कडवट गोळी मी केव्हाच विरघळवली होती. त्याचा ट्रॅक्टर मी मनापासून दुरुस्त करायचो.

तुला आठवतं, तू चौदा वर्षांची होतीस तेव्हा दोलोन घाटात ट्रकचा आवाज बदलला? मला वाटलं, चढ आहे म्हणून. तू म्हणालीस, “बाबा, चौथ्या सिलिंडरमध्ये कोणीतरी खोकतंय.” उतरून उघडलं. चौथाच. घरात दोन माणसांना कान होते, मला आणि तुला. एर्मेक भला आहे, पण त्याला इंजिन फक्त मोठ्याने ऐकू येतं. मी गॅरेज तुझ्यासाठी उभं केलं होतं. आणि तू चालली होतीस चहा ओतायला, दुसऱ्याच्या घरात, त्यांच्या पुरुषांची नावं झाकत. मला माझे कान जाताना दिसले. डॉक्टरीणबाई म्हणतात ब्रेक पंचविशीपर्यंत बसतात. तू वीस वर्षांची होतीस, पळून गेलीस ते मी समजू शकतो. मी त्रेपन्न वर्षांचा होतो. माझे ब्रेक केव्हाच बसलेले होते. मी पायच ठेवला नाही.

हेच खरं कारण. याच्याखाली आणखी काही नाही, मी उचकटून बघितलं.

युर्तात मी बोलून खाली बसलो तेव्हा तू कोपऱ्यात चहाच्या किटलीपाशी होतीस. माझ्याकडे पाहिलंस. त्याबद्दल आज नाही लिहवत.

जुमादिल


बिश्केक, २६ मार्च

साल्किन पोरी,

आज खूप लिहायचंय आणि सगळं अजून डोक्यात आहे तोवर लिहायचंय, म्हणून अक्षराकडे बघू नकोस.

एर्मेक ऐकत नाही म्हटल्यावर मी विचार केला. माझी टाकी गळते. गळक्या टाकीतलं तेल वाचवायचं तर काय करतात? दुसऱ्या, धड टाकीत ओततात. घरात सगळ्यांत नवीन टाकी कोणाची? डॉक्टरीणबाईंनीच तर सांगितलं होतं, या वयात बसलेलं सगळ्यांत शेवटी जातं.

मी बेगिमायला आजीच्या ओळी शिकवल्या.

तुला त्या ठाऊक आहेत. एर्मेकला नाहीत. तो लहान होता तेव्हा मी गॅरेजमध्ये असायचो, त्याने कागदावरून नुसती नावं घोकली. माझी आजी एशिमची बायको. घरच्या पुरुषांची नावं तिला तोंडाने घेता यायची नाहीत. म्हणून खेळ असा: नाव मी म्हणायचं, ओळ तिने. मी म्हणायचो “ताबाल्दी”, ती म्हणायची, “बर्फात सापडला, लोकरीत वाढला.” मी “एशिम” म्हणालो की ती आधी तोंडावर पदर घ्यायची, मग म्हणायची, “हसला की घोडे दावं तोडतात.” असं वरपर्यंत. महिनाभर मी आणि बेगिमाय खिडकीत बसून तेच करत होतो. मीरिम नळ सोडून ऐकत होती.

बालवाडीच्या कार्यक्रमाला मला नेलं नाही. गर्दीत हरवेन म्हणून. पण काल कोच्कोरहून गावची माणसं मला बघायला आली. आजारी माणसाकडे येऊन एकमेकांचं चुकलंमाकलं माफ करून घेतात, तसं. चार म्हातारे आणि त्यांत रिस्केल्दी-अके. शहाऐंशी वर्षांचे. चार मजले काठीवर चढले. मला त्यांच्या धापेवरून तिसऱ्या मजल्यावरच कळलं कोण येतंय.

मीरिमने गादी अंथरली, कणकेचे बोरसोक तळले, चहा ओतला. मी रिस्केल्दी-अकेंना सगळ्यांत मानाच्या जागी बसवलं, दारापासून लांब. त्यांच्या ते लक्षात आलं. गालात हसले.

“काय रे जुमादिल, ओळखतोस का मला?”

“तुम्हाला विसरायला याहून मोठा आजार लागेल, अके.”

म्हातारे हसले. मग मी म्हणालो, आमच्या पोरीचे सात बाप ऐका. मोठी माणसं घरात आली की पोरांना म्हणायला लावतात, त्यात कोणाला काय वाटणार? बेगिमाय मधोमध उभी राहिली, हात मागे बांधून. नाव तिचं, ओळही तिची.

“एर्मेक. जुमादिल. सातार. एक पाय लढाईत ठेवून आला, दुसऱ्यावर नाचला. एशिम. हसला की घोडे दावं तोडतात. ताबाल्दी. बर्फात सापडला, लोकरीत वाढला. नारबोतो. घोडा मेला तेव्हा म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन नारीन नदी उतरला. क्युल्चो. पाठीवर बसून ओरडत राहिला, डावीकडे, गाढवा, डावीकडे!”

म्हातारे हसून खोकायला लागले. एर्मेक मात्र नाही. तो हळूच म्हणाला, “बेगिम, नारबोतो आणि क्युल्चो एकच आहेत, राणी. अता चुकले असतील शिकवताना.”

पोरगी त्याच्याकडे बघत राहिली. पाच वर्षांची, साल्किन. ब्रेक बसायला अजून वीस वर्षं आहेत.

“असं कसं बाबा?” म्हणाली. “कोणी स्वतःलाच पाठीवर घेतं का?”

रिस्केल्दी-अकेंनी कप खाली ठेवला.

एर्मेकने माझ्याकडे बघितलं. यावेळी आजाऱ्याकडे बघतात तसं नाही. आणि रिस्केल्दी-अके म्हणाले, “बाळ, ही ओळ मी ऐकलीय. एशिमची म्हातारी गॅरेजच्या भिंतीशी बसून या पोराला शिकवायची. डावीकडे, गाढवा. मीसुद्धा हसायचो.” मग हात कपाळाला लावून बसले. “ऐकलेली होती मी. आणि त्या दिवशी युर्तात आठवली नाही मला. अख्ख्या आयुष्यात एकदाच कामाची होती ती ओळ.”

मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसलो. शब्द तयार ठेवले होते, महिनाभर घोकून. एकही आला नाही. फक्त म्हणालो, “अके, मी केलं.”

त्यांनी काठीची मूठ चोळली. “जुमादिल,” म्हणाले, “तुझं डोकं ठिकाणावर होतं तेव्हा तू माझा मुलगा नेलास. आता बिघडलंय तेव्हा परत देतोस.” आणि मग: “मी तुला दारापाशी बसवायचो.”

“सहा वर्षं.”

“हं. तू मला एकोणीस वर्षं बसवलंस.”

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. पण उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, काठीचा नाही. त्या चार म्हाताऱ्यांनी ऐकलंय म्हणजे आठ दिवसांत कोच्कोरच्या खोऱ्यात कोणी ऐकायचं राहणार नाही. कारकोलच्या माणसांना रिस्केल्दी-अके स्वतः निरोप पाठवणार आहेत. नुरायिमला सांग, त्या लोकांनी भाकरी मोडली तर ठीक, आणि तिलाच आता त्यांच्याबरोबर मोडायची नसेल तर तेही ठीक.

ते सगळे गेल्यावर मीरिमने ते काढून, ते दाराचं, खिशातलं, फिरवतात ते, एर्मेकच्या हातात दिलं. एर्मेक मला खाली घेऊन गेला. अंगणात अर्धा तास फिरलो. मास्तरांना मी त्यांच्या व्हॉल्व्हचं सांगितलं. वर आल्यावर दार परत लागलं. ते लागणारच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बाबा


बिश्केक, एप्रिल १९८४
(अता, २०१८. — मीरिम)

साल्किन,

सकाळपासून तीनदा बसलो. पहिल्या दोन कागदांवर काय लिहिलं ते मीरिमने ठेवून दिलंय, पाठवण्यासारखं नाही म्हणते.

मीरिम म्हणाली तू येतेयस. कुबात, नुरायिम, सगळे. मे महिन्यात. मी विचारलं, कोण साल्किन? तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि माझ्या लगेच लक्षात आलं, पण तेवढं एक मिनिट तिने बघितलं. म्हणून आजच सांगून ठेवतो. आज सकाळ बरी आहे.

राहिलेलं एक लिहायचं होतं. कागदावर टिपून ठेवलं होतं, ‘किटली’ म्हणून. किटलीपाशी तू होतीस. मी बोलून बसलो आणि तू पाहिलंस. तुला ओळी येत होत्या. दोलोन घाट चढताना मला झोप येऊ नये म्हणून तू पाच वर्षांची माझ्या शेजारी बसून त्या म्हणायचीस. नारबोतोने क्युल्चोला पाठीवर घेतलं होतं हे त्या युर्तात दोघांनाच आठवत होतं. तू एक ओळ म्हणाली असतीस तर ताट परत पुढे आलं असतं. तू खाली बघितलंस आणि चहा ओतत राहिलीस. चार म्हाताऱ्यांसमोर बापाला खोटं पाडण्यापेक्षा तू निर्लज्ज म्हणवून घेतलंस. एकोणीस वर्षं. तुझे ब्रेक तेव्हा बसलेले नव्हते असं मी लिहिलं होतं ना? खोडून टाक ते.

मला हे रोज आठवायचं. आता कधी कधी नाही. आठवेनासं झालं तर तू आठवण करून दे. मी रडलो तरी दे.

आलीस आणि मी विचारलं, ही बाई कोण, तर रुसून परत जाऊ नकोस. तोंडाने सांगू नकोस मी साल्किन, तुमची मुलगी. ते नवीन आहे, ते टिकत नाही. आपण ट्रकमध्ये करायचो तसं कर. नाव तू म्हण, ओळ मी म्हणेन. सातारपासून सुरू कर. हळू म्हण. मधलं कोणी गाळू नकोस.

चौथा मजला. जिना चढून आलीस की दार मीरिम उघडेल. कोणत्या बाजूचं ते लिहीत नाही. तिथे उभी राहून नुसतं ‘क्युल्चो’ म्हण, मी आतून ओरडेन.

बाबा